अणुभट्टीवर फुटलेलं सरकार : स्वीडनच्या दोन मध्यममार्गी पक्षांचं प्रकरण

5 ऑक्टोबर 1978 रोजी स्वीडनचे पंतप्रधान थोरब्यर्न फेल्डिन यांनी राजीनामा दिला. संसदेत त्यांच्या तीन पक्षांच्या आघाडीकडे 349 पैकी 180 जागा होत्या. सभागृहात पराभव झालेला नव्हता आणि निवडणुकीला वर्षभर अवकाश होता. त्याआधी 44 वर्षं सोशल डेमोक्रॅट पक्षाच्या हातात असलेली सत्ता ज्या आघाडीने हिसकावून घेतली, तिनेच ती दोन वर्षांत सोडून दिली. वाद एवढाच होता, की पश्चिम किनाऱ्यावर रिंगहाल्स इथे आणि पूर्व किनाऱ्यावर फोर्समार्क इथे बांधून तयार असलेल्या अणुभट्ट्यांत इंधन भरू द्यायचं की नाही.

हे प्रकरण सहसा अणुऊर्जेच्या इतिहासात सांगितलं जातं. मला ते आघाडीच्या राजकारणातलं प्रकरण म्हणून अधिक मोलाचं वाटतं. मध्यममार्गी पक्षांचं बळ तडजोडीत असतं, आणि तडजोड करता येते ती वाटून घेता येणाऱ्या गोष्टींत. कर किती टक्के, अनुदान किती कोटी, कोणतं खातं कुणाला, या प्रश्नांत प्रत्येकाला थोडं थोडं मिळू शकतं. अणुभट्टी मात्र चालू असते नाहीतर बंद असते. फेल्डिन सरकारने असा न वाटता येणारा प्रश्न कायद्याच्या भाषेत वाटून पाहिला. तो प्रयत्न कसा झाला आणि का फसला, हे नीट पाहण्यासारखं आहे.

दोन पक्ष, दोन मुळं

फेल्डिन यांचा सेंटर पक्ष मुळात शेतकऱ्यांचा. 1910 च्या दशकात तो ‘बोंडेफरबुंडेत’, म्हणजे शेतकरी संघ, या नावाने उभा राहिला. 1933 मध्ये मंदीच्या तडाख्यात त्याने सोशल डेमोक्रॅटांशी सौदा केला. शेतमालाच्या भावाला संरक्षण मिळालं आणि त्या बदल्यात बेरोजगारांसाठीच्या सरकारी कामांना पाठिंबा दिला गेला. स्वीडनमध्ये तो सौदा ‘गाईंचा बाजार’ म्हणून ओळखला जातो, आणि पुढच्या कल्याणकारी राज्याची राजकीय पायाभरणी त्यातच झाली असं मानतात. 1951 ते 1957 हा पक्ष सोशल डेमोक्रॅटांबरोबर सरकारातही होता. शेतीवर जगणारी माणसं कमी होत गेली तसं त्याने नाव बदललं, शहरांकडे पाहायला सुरुवात केली आणि सत्तेचं विकेंद्रीकरण व पर्यावरण हे मुद्दे हाती घेतले. गाव ओस पडू नये, मोठ्या यंत्रणांनी लहान माणसाला चिरडू नये, हा त्यामागचा धागा जुनाच होता. 1973 च्या निवडणुकीत पक्षाला 25.1 टक्के मतं मिळाली.

दुसरा मध्यममार्गी पक्ष फोल्कपार्टिएत, म्हणजे लोकपक्ष. आजचा लिबरल पक्ष तो हाच. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मताधिकारासाठी लढलेल्या उदारमतवाद्यांचा तो वारस. उदारमतवादी नेते कार्ल स्टाफ यांनी राजाशी आणि जास्त लष्करी खर्च मागणाऱ्यांशी झुंज घेतली. निल्स एडेन यांच्या सरकारच्या काळात, सोशल डेमोक्रॅटांच्या साथीने, सार्वत्रिक मताधिकाराचा निर्णय झाला. त्यानंतर लगेच हा पक्ष दुभंगला, आणि तोही दारूबंदीवर. 27 ऑगस्ट 1922 रोजी दारूबंदीवर सार्वमत झालं. बंदीची बाजू अगदी थोडक्यात हरली. पुढच्याच वर्षी चर्चप्रेरित, दारूविरोधी ग्रामीण उदारमतवादी आणि शहरी उदारमतवादी वेगळे झाले. 1934 मध्ये ते पुन्हा एकत्र आले तोवर देशाचं नेतृत्व सोशल डेमोक्रॅटांकडे गेलेलं होतं. अर्थशास्त्रज्ञ बर्टिल ऊलिन यांनी 1948 मध्ये पक्षाला 22.8 टक्क्यांपर्यंत नेलं, पण सत्ता काही मिळाली नाही.

म्हणजे ‘हो की नाही’ या प्रकारच्या प्रश्नाने मध्यममार्ग फुटतो, याचा अनुभव या घराण्याला आधीच होता. तो एकदाच आला असंही नाही. 1957 मध्ये सक्तीच्या पूरक निवृत्तिवेतनाचा प्रश्न आला. सार्वमतात तीन पर्याय होते. मध्यममार्गातले दोन पक्ष दोन वेगळ्या पर्यायांमागे उभे राहिले, आणि शेतकरी पक्ष सरकारातून बाहेर पडला. 1959 मध्ये योजना संसदेत 115 विरुद्ध 114 मतांनी मंजूर झाली, कारण लोकपक्षाचे गोथेनबर्गचे खासदार टुरे क्योनिगसोन तटस्थ राहिले. कामगार म्हणून आयुष्य काढलेल्या त्या माणसाने पक्षापेक्षा आपली समजूत मोठी मानली.

1960 च्या दशकात या दोन पक्षांनी जवळ येऊन काम सुरू केलं. 1976 मध्ये त्यांच्या जोडीला उजवीकडचा मॉडरेट पक्ष आला आणि तिघांची आघाडी सत्तेच्या दाराशी पोहोचली.

शब्द कसा दिला गेला

1970 च्या सुमाराला अणुऊर्जेवर स्वीडनमध्ये जवळपास एकमत होतं. देशात कोळसा नाही, तेल नाही. नद्यांवर आणखी धरणं बांधायला निसर्गप्रेमींचा विरोध वाढत होता. त्यामुळे अणुऊर्जा हा स्वच्छ मार्ग वाटत होता, आणि सेंटर पक्षही त्याला राजी होता. उस्कार्सहाम्नची पहिली व्यापारी भट्टी 1972 मध्ये सुरू झाली.

सूर बदलला तो बिर्गिट्टा हाम्ब्रेउस या सेंटर पक्षाच्या खासदारामुळे. वापरलेल्या इंधनाचं पुढे काय करणार, असं त्यांनी संसदेत विचारायला सुरुवात केली. त्यांच्यामागे हान्नेस आल्फ्वेन यांचं ज्ञान होतं. 1970 चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालेले हे शास्त्रज्ञ अणुऊर्जेचे कठोर टीकाकार झाले होते. फेल्डिन यांनी त्यांचं ऐकलं आणि त्यांना ते पटलं. ते स्वतः ओंगरमानलांड या उत्तरेकडच्या प्रांतातले, रामविक गावचे शेतकरी. मेंढ्या आणि बटाटे ही त्यांची शेती. जमीन पुढच्या पिढीच्या हाती चांगल्या अवस्थेत द्यायची, हा शेतकऱ्याचा संस्कार आणि हजारो वर्षं धोकादायक राहणारा कचरा यांचा मेळ त्यांच्या मनात बसेना. माझ्या वाचनात त्यांच्याबद्दलचं जे काही आलं, त्यात हा विरोध मतांसाठी पांघरलेला होता असं मला कुठेही वाटलं नाही.

1976 चा प्रचार अनेक अंगांनी पेटलेला होता. त्या वर्षी जानेवारीत करप्रकरणी चित्रपट दिग्दर्शक इंगमार बर्गमान यांना तालमीतून पोलिसांनी नेलं होतं. कामगार संघटनांच्या निधीतून कंपन्यांची मालकी हळूहळू कामगारांकडे वळवण्याच्या योजनेने उद्योगजगत धास्तावलं होतं. पण शेवटच्या आठवड्यांत मैदान मारलं ते अणुऊर्जेने. 1 सप्टेंबरला गोथेनबर्गच्या स्कँडिनाव्हियम सभागृहात फेल्डिन आणि पंतप्रधान ओलोफ पाल्मे समोरासमोर आले. फेल्डिन सांगत होते, नव्या भट्ट्या सुरू होणार नाहीत आणि 1985 पर्यंत अणुऊर्जा बंद करू. मंत्रिपदासाठी आपण आपल्या विश्वासाशी तडजोड करणार नाही, हेही त्यांनी जाहीरपणे सांगितलं.

हे शेवटचं वाक्य राजकारणात फार महाग पडणारं असतं. धोरणाबद्दलचं वचन परिस्थितीकडे बोट दाखवून बदलता येतं. स्वतःच्या सचोटीबद्दलचं वचन तसं बदलता येत नाही.

19 सप्टेंबरला निकाल लागला. सेंटर 24.1 टक्के, मॉडरेट 15.6, लोकपक्ष 11.1. सोशल डेमोक्रॅट 42.7 टक्क्यांवर आले आणि सत्तेबाहेर गेले.

बार्सेबेकची पहिली ठेच

सरकार बनवण्याच्या बोलण्यात पहिला अडथळा आला तो बार्सेबेक केंद्राच्या दुसऱ्या भट्टीचा. हे केंद्र दक्षिणेला, सामुद्रधुनीपलीकडच्या कोपनहेगनपासून सुमारे 20 किलोमीटरवर. भट्टी तयार होती. मॉडरेट आणि लोकपक्ष दोघांनाही ती चालू व्हायला हवी होती. फेल्डिन यांच्यापुढे दोन वाटा होत्या. नकार द्यायचा आणि 44 वर्षांनी आलेली संधी पहिल्याच पंधरवड्यात घालवायची, किंवा अटींसह होकार द्यायचा.

त्यांनी होकार दिला. ऑक्टोबरमध्ये सरकार आलं, भट्टीत इंधन भरलं गेलं आणि ‘विश्वासघात’ हा शब्द त्यांच्या नावाला चिकटला. विरोधकांनी तो वापरला हे ओघाने आलंच. खरी जखम झाली ती स्वतःच्या कार्यकर्त्यांत, ज्यांनी फेल्डिन यांचं वचन खरं मानून घरोघरी फिरून मतं मागितली होती.

माझं स्पष्ट मत असं आहे, की सरकार पडलं 1978 मध्ये, पण त्याचं कारण या पंधरवड्यातलं आहे. दुसऱ्या भट्टीला होकार दिल्यावर पुढच्या भट्ट्यांना नकार देण्याचा नैतिक आधार कमी झाला, आणि त्याच वेळी नकार देण्याची राजकीय गरज दुपटीने वाढली. या दोहोंच्या मध्ये फेल्डिन अडकले ते कायमचेच.

अटींचा कायदा

यातून वाट काढण्यासाठी 1977 च्या वसंतात संसदेने एक कायदा केला. स्वीडिश राजकारणात तो ‘अटींचा कायदा’ म्हणूनच ओळखला जातो. नव्या भट्टीत इंधन भरायचं असेल तर मालकाने दोनपैकी एक गोष्ट सिद्ध करायची. एक, वापरलेल्या इंधनाच्या पुनर्प्रक्रियेचा, म्हणजे त्यातला पुन्हा वापरता येणारा भाग वेगळा काढण्याचा, करार दाखवायचा आणि त्यातून उरणारा तीव्र किरणोत्सारी कचरा कसा व कुठे पूर्णपणे सुरक्षित साठवता येईल हे दाखवायचं. किंवा दोन, पुनर्प्रक्रिया न केलेलं इंधन कसं व कुठे पूर्णपणे सुरक्षित ठेवता येईल हे दाखवायचं.

कागदावर हा तोडगा देखणा होता. फेल्डिन म्हणू शकत होते, की अशी सिद्धता कुणालाच देता येणार नाही, म्हणजे भट्ट्या चालूच होणार नाहीत. मॉडरेट नेते योस्ता बूमान आणि लोकपक्षाचे नेते म्हणू शकत होते, की अभियंते ती नक्की देतील. तिघांनी एकाच मसुद्यावर सही केली आणि तिघांनी तो तीन मनांनी वाचला. सरकारने राजकीय निर्णय टाळून तो तांत्रिक पुराव्याच्या हवाली केला. पण पुरावा पुरेसा आहे की नाही हे ठरवायचं पुन्हा सरकारनेच होतं. निर्णय टळला नव्हता, लांबला होता.

इथे उद्योगाचं कौतुक करायला हवं. वीज कंपन्यांनी तातडीने केबीएस नावाचा अणुइंधन-सुरक्षा प्रकल्प उभा केला. भूगर्भशास्त्रज्ञ, धातुतज्ज्ञ आणि रसायनतज्ज्ञ कामाला लागले. फ्रान्सच्या कोजेमा कंपनीशी पुनर्प्रक्रियेचा करार झाला. स्वीडनच्या प्राचीन स्फटिकी खडकात सुमारे 500 मीटर खोल, गंज न चढणाऱ्या आवरणात बंद करून, भोवती फुगणारी चिकणमाती भरून कचरा पुरायचा, असा आराखडा अहवालांतून पुढे आला. जगात कुठल्याच देशाने तोवर इतक्या तपशिलात हा विचार केलेला नव्हता. भट्ट्या अडवण्यासाठी सेंटर पक्षाने जो कायदा हवा म्हणून धरला, त्यानेच कचऱ्याच्या प्रश्नावर गंभीर उत्तर शोधायला भाग पाडलं.

1978 चा शरद

दरम्यान सरकारसमोर इतर संकटं कमी नव्हती. जहाजबांधणी आणि पोलाद हे दोन्ही उद्योग कोसळत होते. क्रोनाचं अवमूल्यन करावं लागलं. गोदी आणि पोलाद कारखाने वाचवण्यासाठी या बिगरसमाजवादी सरकारने मोठ्या प्रमाणावर कारखाने सरकारी मालकीकडे घेतले, आणि त्यावर तिन्ही पक्षांत तडजोडी झाल्या. पैसा, नोकऱ्या, कारखाने हे सगळं वाटून घेता येणारं होतं. म्हणूनच त्यावर सरकार मोडलं नाही.

रिंगहाल्सची तिसरी आणि फोर्समार्कची पहिली भट्टी तयार झाल्या. अर्ज करणारी मुख्य संस्था होती सरकारचीच वीज यंत्रणा, वाटेनफाल. भट्ट्यांमध्ये प्रचंड सरकारी पैसा अडकलेला. सप्टेंबरच्या अखेरीला सरकारने एक अर्धामुर्धा निर्णय काढला. अट पूर्ण झालेली नाही, कारण कचरा मावेल एवढा सलग आणि चांगला खडक एखाद्या जागी आहे हे दाखवलेलं नाही. आणखी बोअर घ्या. कायद्यातल्या ‘कुठे’ या शब्दाने इथे अडवणूक केली.

दोन-तीन दिवस वाटलं, आघाडी वाचली. पण लगेच प्रश्न आला, की बोअर घेतल्यावर चांगला खडक सापडला तर परवानगी आपोआप मिळणार का? लोकपक्ष आणि मॉडरेट यांच्या लेखी उत्तर ‘हो’ होतं. मग तो तज्ज्ञांचा आणि नियामक संस्थेचा विषय. फेल्डिन यांच्या पक्षाला ते मान्य होण्यासारखं नव्हतं, कारण तसं मान्य करणं म्हणजे आजच होकार देऊन तारीख पुढे टाकणं. ऊर्जामंत्री उलॉफ युहान्सोन हे सेंटर पक्षातले अणुविरोधाचे खंदे आवाज, त्यांच्यावर कार्यकर्त्यांचा दबाव प्रचंड होता. सेंटर पक्षाने सार्वमताची मागणी पुढे केली. भागीदारांनी ती मानली नाही. 5 ऑक्टोबरला फेल्डिन गेले.

39 मतांचे पंतप्रधान

आता लोकपक्षाच्या ऊला उल्स्तेन यांची वेळ आली. पेर आल्मार्क यांनी त्याच वर्षी नेतेपद सोडल्यावर मार्चमध्ये ते पक्षाचे नेते झाले होते. त्यांच्या पक्षाकडे 349 पैकी 39 जागा. तरीही ऑक्टोबरच्या मध्यात ते पंतप्रधान झाले.

स्वीडनच्या नव्या राज्यघटनेप्रमाणे पंतप्रधानाला बहुमत मिळवावं लागत नाही. त्याच्या विरोधात बहुमत जमता कामा नये, एवढंच पुरतं. उल्स्तेन यांच्या बाजूने 39 मतं पडली, विरोधात 66, आणि 215 खासदार तटस्थ राहिले. सोशल डेमोक्रॅट तटस्थ राहिले, कारण दुबळं लिबरल सरकार आल्याने बिगरसमाजवादी पक्षांतली भेग रुंदावणार होती. सेंटर पक्ष तटस्थ राहिला, कारण निवडणूक किंवा पाल्मे हे दोन्ही पर्याय त्याला नको होते. बूमान यांच्या मॉडरेट पक्षाने मात्र विरोधात मत दिलं. तिघांच्या सरकारातून दोघे राहिले असताना लोकपक्षाने एकट्याने पुढे जावं, हे त्यांना फसवणूक वाटलं. आपल्याकडे विश्वासदर्शक ठरावाची सवय असलेल्या वाचकाला हा आकडा अशक्य वाटेल. पण मध्यममार्गी पक्षाची खरी किंमत त्याच्या जागांत नसते, ती दोन्ही बाजूंना तो कमी नकोसा असण्यात असते, हे या मतदानाइतकं स्पष्ट दाखवणारं उदाहरण मला दुसरं माहीत नाही.

उल्स्तेन यांचं सरकार वर्षभर चाललं. पालकांनी मुलांना मारण्यावर कायद्याने बंदी घालणारा जगातला पहिला देश स्वीडन याच वर्षी, 1979 मध्ये झाला. उदारमतवादी परंपरेला शोभणारं हे काम अणुवादाच्या धुरळ्यात फार कमी जणांच्या लक्षात राहतं, याचं मला वाईट वाटतं.

हॅरिसबर्गनंतर

28 मार्च 1979 रोजी अमेरिकेत हॅरिसबर्गजवळच्या थ्री माइल आयलंड केंद्रात अपघात झाला. काही दिवसांतच पाल्मे यांनी भूमिका बदलली आणि सार्वमताला होकार दिला. सहा महिन्यांपूर्वी ज्या मागणीने सरकार वाचू शकलं असतं, ती आता सर्वांना मान्य झाली. सार्वमत होईपर्यंत नव्या भट्ट्यांत इंधन भरायचं नाही, असा तात्पुरता कायदा आला. 16 सप्टेंबर 1979 च्या निवडणुकीत बिगरसमाजवादी आघाडी 175 विरुद्ध 174 अशी एका जागेने टिकली. सेंटर पक्ष मात्र 24.1 वरून 18.1 टक्क्यांवर घसरला आणि मॉडरेट 20.3 टक्के घेऊन आघाडीतला मोठा भाऊ झाला. तरीही पंतप्रधान पुन्हा फेल्डिनच झाले, आणि उल्स्तेन त्यांचे परराष्ट्रमंत्री.

23 मार्च 1980 ला सार्वमत झालं, पुन्हा तीन पर्यायांचं. पहिला पर्याय मॉडरेटांचा, दुसरा सोशल डेमोक्रॅट आणि लोकपक्षाचा. दोन्हींत बारा भट्ट्या वापरून मग अणुऊर्जा बंद करायची होती. दुसऱ्यात सार्वजनिक मालकीचा मुद्दा जोडलेला होता. तिसरा पर्याय सेंटर पक्ष आणि कम्युनिस्टांचा : नव्या भट्ट्या नाहीत, चालू असलेल्या सहा भट्ट्या दहा वर्षांत बंद. दुसऱ्या पर्यायाच्या प्रचारात लोकपक्षाची बाजू सांभाळणारे होते हान्स ब्लिक्स, उल्स्तेन सरकारातले परराष्ट्रमंत्री. इराकमधल्या शस्त्रतपासणीमुळे पुढे हे नाव जगभर पोहोचलं. निकाल : पहिला 18.9 टक्के, दुसरा 39.1, तिसरा 38.7. संसदेने निष्कर्ष काढला, की बारा भट्ट्या चालतील आणि 2010 पर्यंत बंद होतील.

‘हो की नाही’चा प्रश्न तीन पर्यायांत मांडला, की जनतेचं उत्तरही वाटलं जातं आणि प्रत्येक पक्ष त्यातलं आपल्याला हवं ते वाचतो. 1957 मध्ये हेच झालं होतं. फेल्डिन यांनी 1976 च्या ऑक्टोबरमध्येच, आघाडीत जाण्याची अट म्हणून, दोन पर्यायांचं सार्वमत मागायला हवं होतं असं मला वाटतं. तेव्हा त्यांच्या पक्षाच्या 86 जागा होत्या, त्यांच्याशिवाय सरकार होऊ शकत नव्हतं, आणि बार्सेबेकला दिलेला होकार अजून त्यांच्या गळ्यात पडलेला नव्हता. दोन वर्षांनी तीच मागणी केली तेव्हा भागीदारांनी ती पळवाट मानली.

दोन्ही मध्यममार्गी पक्षांना याची किंमत मोजावी लागली. 1982 मध्ये सेंटर पक्ष 15.5 टक्क्यांवर आला, लोकपक्ष 5.9 वर, आणि सत्ता पाल्मे यांच्याकडे परतली. 1985 च्या पराभवानंतर फेल्डिन यांनी नेतेपद सोडलं आणि ते रामविकच्या शेतावर गेले. त्यांच्या जागी आलेल्या कारिन सोडेर या स्वीडनच्या मोठ्या पक्षाचं नेतृत्व करणाऱ्या पहिल्या महिला ठरल्या. 24 टक्क्यांची उंची सेंटर पक्षाने पुन्हा कधी पाहिली नाही.

बार्सेबेकच्या दोन भट्ट्या 1999 आणि 2005 मध्ये बंद झाल्या. 2010 ची मुदत मात्र पाळली गेली नाही. 2009 मध्ये माउद उलॉफ्सोन यांच्या नेतृत्वाखाली सेंटर पक्षाने आघाडीतल्या मित्रांशी समझोता केला, की जुन्या भट्टीच्या जागी नवी बांधायला आपण आड येणार नाही. 2010 च्या जूनमध्ये संसदेने तसा निर्णय 174 विरुद्ध 172 मतांनी घेतला. सेंटर पक्षाच्या दोन सदस्यांनी पक्षादेश झुगारून विरोधात मत दिलं. आणि अटींच्या कायद्यातून जन्मलेल्या त्या कचरा साठवण्याच्या पद्धतीची सुधारलेली आवृत्ती, केबीएस-3, सरकारने 2022 च्या जानेवारीत मंजूर केली. तिच्यासाठी निवडलेली जागा फोर्समार्क आहे.